फ्रीज महिन्याला किती युनिट खातो? प्लगच्या मीटरने मोजा

सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्या मध्ये बसून वीज मोजणारा छोटा मीटर मिळतो. तो घेताना आधी त्याच्या पिना बघा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या मीटरवर किंवा स्वस्त कन्व्हर्टरवर तो चालवला तर पिना तापतात आणि प्लास्टिक वितळतं. जाड पिनांचा, १६ अँपिअरचाच घ्या. लाइट गेल्यावर साठलेले युनिट पुसले जात नाहीत ना, हेही विचारून घ्या. नाहीतर तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

उपकरण बंद करा, मीटर सॉकेटमध्ये आणि उपकरणाचा प्लग मीटरमध्ये घाला, युनिटचा आकडा रीसेट करा, वेळ लिहून ठेवा आणि चालू करा. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करून वॅट काढायला जाऊ नका. मीटर १ अँपिअर आणि १५० वॅट दाखवत असेल तर दोन्ही बरोबर असू शकतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर वापरला जाणारा वाटा, साधारण ०.६५ आहे, इतकंच.

फ्रीजचे क्षणाचे वॅट बघून काहीच कळत नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, फ्रॉस्ट-फ्री असेल तर बर्फ वितळवणारा हीटर मध्येच लागतो. म्हणून सलग ७२ तास मोजा, दार नेहमीसारखं उघडत राहा. ७२ तासांत २.४ युनिट आले तर दिवसाला ०.८, महिन्याला २४. स्टार लेबलवरच्या वार्षिक आकड्यापेक्षा थोडं जास्त येणं साहजिक आहे. दुप्पट आलं तर दाराचं रबर आणि मागची हवेची जागा तपासा. मात्र इन्व्हर्टर फ्रीजचा कॉम्प्रेसर कमी वॅटवर तासन्‌तास चालतो, तो बिघाड नव्हे.

गीझर दर आंघोळीमागे मोजा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतंच. मीटरवर पाणी उडणार असेल तर हा प्रयोग सोडून द्या. चार्जरसारख्या एक-दोन वॅटच्या वस्तूंवर स्वस्त मीटर चुकतात. सेट-टॉप बॉक्स मात्र सोडू नका: सतत १० वॅट म्हणजे महिन्याला ७.२ युनिट.

पंख्याला प्लगच नसतो. तिथे घराच्या वीजमीटरचा लुकलुकणारा लाल दिवा कामाला येतो. मीटरवर ३२०० इम्पल्स (लुकलुकी) प्रतियुनिट छापलं असेल तर फ्रीजसकट बाकी सगळं बंद करून पंखा लावा. एका लुकलुकीवर घड्याळ सुरू करा, पुढच्या दहाव्या लुकलुकीला थांबवा आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागा. १५० सेकंद लागले तर पंखा ७५ वॅटचा.

रुपये काढताना सरासरी दर धरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर बदलतो, आणि वाचलेलं युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं. त्या टप्प्याच्या दरात वहन आकार (वीज पोचवण्याचा, दर युनिटमागे लागणारा) मिळवा, इंधन समायोजन असेल तर तेही धरा, वर १६ टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार वगळा. फ्रीज बंद ठेवला तरी तो भरावाच लागतो.