तांब्या कुणाचा? ट्रॉमावरच्या कामात श्रेय आणि हक्क सांभाळताना या चुका टाळा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगली जिल्ह्यात बायकांच्या गटांसोबत ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या आघातावर, काम करताना मी दोन पानी हँडआउट केलं होतं. रात्री पाण्याच्या आवाजाच्या भासाने दचकून जाग आली तर काय करायचं, एवढाच विषय. दोन वर्षांनी एका संस्थेची पुस्तिका हातात पडली, त्यात ती दोन्ही पानं जशीच्या तशी. तळाची माझ्या नावाची ओळ तेवढी गायब. आणि त्याहून वाईट म्हणजे ‘चक्कर आल्यासारखं वाटलं तर सराव तिथेच थांबवा’ हे वाक्यही काढलेलं.

पत्र लिहायला बसले आणि एका ओळीपाशी अडले: ‘थंड तांब्या गालाला लावून बसा.’ ही ओळ माझी नव्हतीच. गटातल्या एक मावशी म्हणाल्या होत्या, “पानी गेलं तरी कानात पानीच वाजतंय ताई, मग मी तांब्या लावते गालाला.” मी ते उचललं, नीटनेटकं केलं आणि खाली फक्त माझं नाव घातलं. माझी तक्रार खरी होती. त्या मावशींची तक्रार मात्र कुणी लिहिणारच नव्हतं.

पद्धतीवरच हक्क सांगणं

श्वास मोजणं, आजूबाजूच्या पाच वस्तू पाहून भानावर येणं, हे कुणा एकाचं नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, मांडणीला मिळतो; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. कुणी तोच सराव स्वतःच्या शब्दांत शिकवत असेल तर भांडायला जाऊ नका. तुमची वाक्यं, चित्रं, क्रम उचलला असेल तर जरूर जा.

त्यासाठी नोंदणी लागते हा गैरसमज आहे. लिहिलं त्या क्षणी हक्क तयार होतो आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता. मी तारखेसह मसुदा स्वतःलाच ईमेल करून ठेवते, आणि नाव तळाला न टाकता मजकुरातच गुंफते, म्हणजे झेरॉक्स काढताना कापलं जात नाही.

मानधन घेतलं, आता बोलायचं कशाला?

या एका समजुतीने आपल्या क्षेत्रातल्या कितीतरी जणी गप्प बसतात. पगारावर असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं साहित्य, वेगळा करार नसेल तर, संस्थेचं असतं. पण सत्रागणिक मानधनावर बोलावलेल्या प्रशिक्षकाचं लेखन, तिने लेखी आणि सही करून हक्क दिले नसतील तर, तिचंच राहतं. हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

सगळे हक्क दिले तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ उरतं: हे मी लिहिलंय असं सांगण्याचा हक्क, आणि आपल्या नावाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. माझ्या पत्रात पहिली मागणी नावाची नव्हती. थांबण्याची सूचना परत छापा, ही होती. ती ओळ नसलेलं पान घेऊन कुणी तरी रात्री एकटी बसणार होती.

नेटवर मिळालं म्हणजे फुकट

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली छापायला किंवा भाषांतरित करायला परवानगी लागत नाही. बेकची नैराश्य प्रश्नावली मात्र प्रकाशकाकडून विकत घ्यावी लागते, तिचं मराठी भाषांतर करून गटावर टाकणं चूकच. जागतिक आरोग्य संघटनेचं बरंच साहित्य बिगर-व्यावसायिक वापरासाठी खुलं आहे, पण अटी वाचा. भाषांतर केलंत तर ते संघटनेने केलेलं नाही हे त्यावर लिहावं लागतं.

सोसणाऱ्याची गोष्ट आपली मानणं

शिबिरात मुलीने काढलेलं बुडालेल्या घराचं चित्र तिचं आहे. कायदा चित्राचा कलात्मक दर्जा बघत नाही. वाकड्यातिकड्या रेषांनाही कॉपीराइट आहे. ते अहवालाच्या मुखपृष्ठावर लावायचं तर तिला आणि घरच्यांना विचारा.

पहिल्याच सत्रात, हात थरथरत असताना घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही. छापण्याआधी पुन्हा विचारते, तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवते, ‘नको’ म्हटलं तर काढते. व्हिडिओ एकदा पसरला की परत घेता येत नाही, हेही आधीच सांगते.

नाव बदललं की ओळख लपते असंही नाही. वाडी, मुलांची संख्या आणि कोणत्या साली काय घडलं, एवढ्यावर गावात माणूस कळतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे.

पण भीतीपोटी सगळ्यांनाच ‘एक महिला’ करून टाकणं ही उलटी चूक. धोका नसेल तिथे विचारा: पूर्ण नाव हवं, टोपणनाव, गटाचं नाव, की काहीच नको?

मी तेच विचारायला परत गेले. मावशींनी पान हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, “माझं नको. गटाचं घाला, सगळ्याच लावतोय की तांब्या.” नव्या प्रतीत ते नाव तळाला नाही. तांब्याच्या वाक्याला लागूनच आहे.