संगीताचा प्रबंध कसा मांडावा: स्वरलिपीपासून संदर्भसूचीपर्यंत

खान्देशात संगीतावर संशोधन करणाऱ्याचं निम्मं साहित्य छापलेलं नसतंच. कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, वहीगायन, जात्यावरच्या ओव्या, हे सगळं कुणाच्या तरी गळ्यात असतं. संदर्भ देण्याचे नियम मात्र छापील पुस्तक डोळ्यांपुढे ठेवून केलेले. मग होतं असं, की पुस्तकाचा पृष्ठक्रमांक नेमका लिहिला जातो आणि जिने चाळीस गाणी म्हणून दाखवली ती बाई ऋणनिर्देशाच्या एका ओळीत उरते. हे टाळायचं, तर मांडणीचा विचार पहिल्या ध्वनिमुद्रणापासूनच करायला हवा.

सगळ्यात आधी आपल्या विद्यापीठाची प्रबंध-नियमावली मिळवा आणि मार्गदर्शकांसमोर बसून वाचा. ए-फोर कागद, बांधणीसाठी डावीकडे सुमारे दीड इंच समास, बाकी बाजूंना एक इंच, ओळींत दीडपट अंतर, हे बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. तरी आपल्या नियमावलीत जे छापलंय तेच अंतिम. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो, शिवाय पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाहीत. विद्यापीठं पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात ठेवतात, म्हणजे तुमचा प्रबंध पुढे कुणीतरी शब्द टाकूनच शोधणार आहे.

स्वरलिपी

स्वरलिपी म्हणजे गाणं स्वरांच्या खुणांनी कागदावर उतरवणं. इथे जास्त वेळ द्या. तिच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, भातखंडे आणि पलुस्कर. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. टायपिंग करणारे कोमलसाठी अंडरलाइनचं बटण दाबतात. पण ती रेघ अक्षराचा भाग नसते, मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ती गळून पडू शकते. भैरवीतले रे, ग, ध, नि कोमल असतात. रेघा गेल्या की कागदावर उरतो बिलावल! माझ्या लघुप्रबंधात दोन पानांवर नेमकं हेच झालं होतं, आणि बांधणी होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. आजही ती पानं उघडवत नाहीत.

यावर चांगला उपाय आहे. देवनागरी युनिकोडमध्ये वेदपठणाच्या स्वरखुणा आहेत: खालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ. त्या वापरून रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑ असं लिहिता येतं. या खुणा अक्षराला धरून राहतात, चिकटवताना सुटत नाहीत. निवडलेल्या फॉन्टमध्ये त्या नीट उमटतात का, ते एक पान छापून आधी बघून घ्या.

मात्रांसाठी कोष्टक करा. त्रितालाला सोळा रकाने, चार-चारांचे चार विभाग, वर समेला (तालाची पहिली मात्रा) × आणि खालीला (टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा) ०. स्पेसबार दाबून जुळवलेल्या मात्रा फॉन्टचा आकार बदलताच सरकतात. पलुस्कर पद्धत वापरणार असाल, तर खुणा वेगळ्या: तिथे सम १ ने आणि खाली + ने दाखवतात. दोन्ही पद्धती एका प्रबंधात मिसळू नका आणि सुरुवातीलाच चिन्हांची सूची द्या. जात्यावरची ओवी मात्र त्रितालाच्या कोष्टकात कोंबू नये. जात्याच्या फेऱ्याबरोबर तिची लय सैल-घट्ट होते. ते शब्दांत लिहा, सोबत ध्वनिमुद्रण जोडा.

संदर्भ

पद्धत एकच ठरवा. ध्वनिमुद्रणं आणि मुलाखती जास्त असतील, तर मला शिकागो पद्धतीच्या (संदर्भ पानाखालच्या टिपेत देण्याची एक रूढ पद्धत) तळटिपा सोयीच्या वाटतात, कारण टिपेत दोन शब्द जास्त सांगता येतात.

गायिकेची नोंद पुस्तकाइतकीच पूर्ण हवी. माझा क्रम असा: आडनाव, नाव, वय, गाव, तालुका, गाण्याचा प्रकार आणि पहिली ओळ, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, तारीख, फाइल क्रमांक, उद्धृत भाग कितव्या मिनिटाला. नाव छापायची परवानगी घ्या. ती नको म्हणाली तर फक्त गाव आणि वय लिहा.

म्हणणारी व्यक्ती आणि लिहून घेणारी व्यक्ती वेगळ्या दाखवा. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी चिरंजीव सोपानदेवांनी टिपून ठेवली आणि ती पुस्तकरूपाने आली 1952 साली, त्यांच्या निधनानंतर. तुमच्या वहीतल्या गाण्यांनाही हाच न्याय लावा.

बोलीला हात लावू नका. अहिराणीत डोळ्याला डोया म्हणतात, तर डोयाच छापा. प्रमाण मराठीतला अर्थ तळटिपेत द्या. प्रुफं तपासणारा हे शब्द ‘सुधारून’ ठेवतो, म्हणून त्याला आधीच बजावून ठेवा.

बंदिशीचा संदर्भ देताना कुठल्या ग्रंथाचा कितवा भाग, कितवं पान, किंवा कुणाच्या तालमीत कधी मिळाली, ते लिहा. अंतऱ्यात ‘सदारंग’ आलं म्हणून रचनाकार सदारंगच, असं ठामपणे लिहू नका, ‘सदारंग ही मुद्रा’ (बंदिशीत गुंफलेलं रचनाकाराचं नाव) एवढंच म्हणा. टोपणनावांचंही तसंच: ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’वर चतुरपंडित असं नाव आहे, ते भातखंड्यांचंच. नोंद भातखंडे या नावाखाली करून टोपणनाव कंसात द्या, नाहीतर सूचीत एकाच माणसाची दोन माणसं होतात. पंडित, उस्ताद, बुवा या उपाध्या वर्णानुक्रमात धरू नका. जुन्या पुस्तकावर शके असेल तर 78 मिळवून इसवी सन काढा. प्रकाशन जानेवारीनंतरचं पण चैत्रापूर्वीचं असेल तर 79.

ध्वनिमुद्रिकेसाठी कलाकार, राग, कंपनी, तबकडीचा क्रमांक आणि साल. यूट्यूबवर ऐकलं असेल तर वाहिनीचं नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा, पण मूळ मुद्रण कुणाचं तेही शोधा. वाहिनी चालवणारा म्हणजे प्रकाशक नव्हे.

वाङ्मयचौर्य-तपासणीचा धसका अनेकांना असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची मोजणीतून वगळतात. म्हणून बंदिशींचे शब्द अवतरणचिन्हांत घ्या आणि प्रत्येकीखाली स्रोत द्या.

बांधणीला देण्याआधी स्वरलिपीची छापील पानं पेटीवर ठेवा आणि ज्याने ती गाणी कधी ऐकली नाहीत अशा वादकाला वाजवायला सांगा. तो जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ते पान पुन्हा छापा.