भांडणानंतरची दहा मिनिटं
बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना टोकाला जाणं आणि कुणी सोडून जाईल ही सततची भीती असलेला मानसिक आजार) असेल तर भांडण संपल्यावर खरं भांडण आत सुरू होतं: "मी आहेच वाईट, सगळे सोडून जाणार." अशा वेळी 'स्वतःवर प्रेम कर' हा सल्ला डोकं उठवतो. आधी गार पाण्यानं तोंड धुवा. मग वहीत फक्त घडलेलं लिहा: "मी ओरडले. फोन आपटला." 'नालायक' वगैरे शब्द आले तर खोडा. खाली लिहा: "मला एकटं पडायची भीती वाटली." चूक असेल तर माफी एकदाच मागा, वीस मेसेज नकोत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या मानसोपचार पद्धतीतही स्वतःचा स्वीकार आणि बदल हातात हात घालूनच चालतात. स्वतःला इजा करावीशी वाटली, तर वही राहू द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन लावा.