शाहू स्टेडियमवर मोठी लेन्स घेऊन जाताय? मग मोनोपॉडची तयारी घरीच उरका

कोल्हापूरचा फुटबॉल सीझन चालू झाला की दरवर्षी दोन-चार नवीन पोरं टचलाइनला दिसतात, हातात १५०-६०० ची झूम किंवा भाड्याने आणलेली ४०० एफ २.८ लेन्स, आणि सोबत नवाकोरा मोनोपॉड (लेन्सला टेकू देणारा एकपायी दांडा) ज्याचं स्टिकर पण अजून निघालेलं नसतं. पहिली वीस मिनिटं मस्त जातात, मग लेन्सखालची प्लेट सैल होते, लॉक सरकतो, उंची जमत नाही, आणि हाफ टाइमपर्यंत मोनोपॉड बॅगेला टेकवून ठेवलेला असतो आणि पोरगं लेन्स हातात धरूनच फोटो मारतंय. मोनोपॉडचा दोष नसतो यात, तो मैदानावर आल्यावर जोडायची वस्तूच नाहीये. म्हणून हे सगळं मॅचच्या आदल्या दिवशी काय काय बघायचं त्याबद्दल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मोनोपॉड फोटो शार्प करत नाही, शार्पनेस शटर स्पीडमधून येतो. खेळाडू पळतोय, बॉल उडतोय, तिथे १/१००० च्या खाली गेलात तर कुठलाही दांडा तुम्हाला वाचवणार नाही. मोनोपॉड वजन उचलतो, बास. कॅननची जुनी ४०० एफ २.८ (पहिली आयएस, म्हणजे स्टॅबिलायझेशनवाली) ५ किलोच्या वर होती, नंतरची तिसरी आवृत्ती २.८४ किलोवर आली, निकॉनची २००-५०० साधारण २.३ किलो, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी २ किलोच्या आसपास. त्यात बॉडी आणि ग्रिप धरा. एवढं वजन दोन मिनिटं कोणीही धरेल हो, पण पाटाकडील आणि दिलबहार या संघांची मॅच असली की कॉर्नर कधी पडेल, कीपर कधी झेपावेल सांगता येत नाही, लेन्स सतत डोळ्याला लावून बसावं लागतं, आणि हात भरून आला की माणूस बरोबर त्याच क्षणी लेन्स खाली घेतो जेव्हा गोल होतो. मोनोपॉडचा फायदा हा, वाट बघत बसता येतं. त्यामुळे आरएफ १००-५०० सारखी दीड किलोच्या आतली लेन्स असेल तर मोनोपॉड नाही नेलात तरी चालतंय, उगाच ओझं.

आता घरची कामं. लेन्सच्या कॉलरचा (लेन्सभोवतीच्या फिरत्या कड्याचा) पाय उलटा करून बघा, खाली स्क्रूचं भोक किती मापाचं आहे. दोन मापं असतात, पाव इंच आणि ३/८ इंच. मोठ्या लेन्सना बहुतेक दोन्ही असतात, तेव्हा ३/८ च वापरा, जाड स्क्रू जास्त भरवशाचा. मोनोपॉडच्या डोक्यावरचा स्क्रू बऱ्याचदा उलटा करून दुसऱ्या मापाचा होतो, तो कुठला वर आहे ते बघून घ्या, आणि मापं बदलायची छोटी पितळी बुश मिळते पाच-पन्नास रुपयात, ती एक बॅगेत टाकून ठेवा, मैदानावर ती कोणाकडेच नसते. आर्का प्लेट (लेन्सच्या पायाखाली लावून क्लॅम्पच्या, म्हणजे मोनोपॉडवरच्या पकडीच्या, खाचेत सरकवायची पट्टी) लावणार असाल तर लांब प्लेट घ्या, छोटी चौकोनी प्लेट मोठ्या लेन्सखाली फिरते, आणि प्लेटच्या दोन्ही टोकांना जे बारके अडथळ्याचे स्क्रू येतात ते लोक काढून टाकतात, ते काढू नका, क्लॅम्प सैल झाला तर लेन्स घसरून खाली पडायच्या आधी तेच अडवतात. टॅमरॉनच्या १५०-६०० जी-२ ला पायालाच आर्काची खाच आहे, वेगळी प्लेट लागत नाही. बाकीच्यांनी ॲलन कीने प्लेट आवळायची, नुसतं नाण्याने फिरवून सोडायचं नाही.

मोनोपॉड आणि लेन्सच्या मधे झुकणारं हेड लावायचं का नाही यावर लोक तासनतास भांडतात. माझं मत सांगतो, फुटबॉल आणि क्रिकेटला हेडशिवाय पण आरामात जमतं, कारण लेन्स वर-खाली करायची तर मोनोपॉडच पुढे-मागे कलता करायचा आणि आडवी-उभी फ्रेम कॉलर फिरवून मिळते. पण तुम्ही खाली बसून शूट करत असाल आणि गॅलरीतल्या पब्लिकचे, फटाक्यांचे, झेंड्यांचे पण फोटो पाहिजे असतील तर टिल्ट हेड बरं, फक्त एकाच दिशेला झुकणारं. बॉल हेड मात्र नको. मोठी लेन्स बॉल हेडवर बाजूला लवंडते आणि बोट चेमटतं. टिल्ट हेड घेतलं तर क्लॅम्पची दिशा तपासा, कारण बरीच हेड बॉडीखालच्या प्लेटच्या हिशोबाने जोडून येतात आणि लेन्सची प्लेट बसवली की ते पुढे-मागे झुकायच्या ऐवजी डावी-उजवीकडे झुकतं, मग क्लॅम्प खोलून नव्वद अंशात फिरवून लावावा लागतो. हे काम पाच मिनिटांचं, पण ॲलन कीशिवाय होत नाही.

आणि काही झालं तरी मोनोपॉड कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा नाही, कायम लेन्सच्या पायाला. तीन किलोची लेन्स बॉडीच्या माउंटवर लटकवून ठेवायची नसते, आणि तोल पण सगळा पुढे जातो.

मग लॉक. सगळे सेक्शन पूर्ण बाहेर काढा, आवळा, आणि लेन्स न लावता दोन्ही हातांनी वरून अंगाचं वजन टाकून दाबा. जो सरकतो तो आत्ताच कळू दे. फ्लिप लॉकवाल्यात बाजूला छोटा नट असतो तो आवळता येतो, ट्विस्टवाल्यात बहुतेक वेळा माती गेलेली असते, खोलून कोरड्या फडक्याने पुसायचं, तेल-ग्रीस आपल्या मनाने घालायचं नाही, तेलानेच घसरतात ते. खोक्यावर लिहिलेली वजनाची क्षमता तुमच्या लेन्स आणि बॉडीच्या दुप्पट तरी असावी असं मी धरतो, कारण तुम्ही त्याच्यावर नुसती लेन्स ठेवत नाही, स्वतः पण रेलता. कार्बन का ॲल्युमिनियम, तर पैसे असतील तर कार्बन, हलका असतो आणि एप्रिलच्या उन्हात हाताला चटका देत नाही. नसतील तर ॲल्युमिनियमला फोमची ग्रिप असलेला घ्या, फोटोत काडीचा फरक दिसत नाही.

उंची ठरवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि ते नव्वद टक्के लोक मैदानावर करतात. घरी आरशासमोर करा. उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावला की मान वाकली नाही पाहिजे, उलट मोनोपॉड दोन-तीन इंच जास्तच उघडा, कारण तो तुम्ही थोडा पुढे कलता ठेवणार आहात. मग बसून तसंच. मैदानावर तुम्ही बहुतेक वेळ बसूनच असणार, मागच्या लोकांना मॅच दिसायला पाहिजे आणि खालच्या अँगलने खेळाडू मोठे दिसतात, पाठीमागे गवताऐवजी गॅलरी येते. दोन्ही उंचींना नळीवर रंगीत टेप किंवा परमनंट मार्करची रेघ मारून ठेवा. बसण्यासाठी फक्त वरचा जाड सेक्शन उघडायचा. उभं राहायचं असेल तर खालचे बारके आधी पूर्ण उघडून टाकायचे आणि कमी-जास्त वरच्या लॉकने करायचं, तो हाताशी असतो, दर वेळी वाकावं लागत नाही.

खालचं टोक पण बघा. काही मोनोपॉडला रबर फिरवलं की आतून लोखंडी टोक बाहेर येतं. गवताळ उतारावर, ओल्या मातीत ते भारी आहे. पण टचलाइनला खेळाडू घसरत येतात, तिथे टोकदार काही ठेवायचं नाही, आणि सिंथेटिक टर्फवर, कबड्डीच्या मॅटवर तर अजिबात नाही, संयोजक हाकलतील आणि बरोबर करतील. रबर आत गेलंय का पडून हरवलंय ते आदल्या रात्री बघायचं. खाली तीन छोटे पाय येतात तसला मोनोपॉड असेल तर तो लेन्स लावून एकटा उभा करून चहाला जाऊ नका. ते पाय तोल सांभाळायला आहेत, ट्रायपॉड नाहीये तो, वाऱ्याची एक झुळूक पुरे.

सेटिंग पण घरीच लावून ठेवा. कंटिन्युअस फोकस, बॅक बटण फोकस (मागच्या बटणाने फोकस) ची सवय असेल तर तो, शटर १/१००० ते १/१६००, ॲपर्चर पूर्ण उघडं, ऑटो आयएसओला वरची मर्यादा. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असतं ते लांबवर टाका, नाहीतर समोरून कोणी गेलं की फोकस पूर्ण जवळ येऊन परत जातो आणि तेवढ्यात पेनल्टी होऊन जाते. स्टॅबिलायझेशन मोनोपॉडवर चालू ठेवलं तरी चालतं, कॅननला मोड २ (मोठ्या लेन्सवर असेल तर मोड ३), निकॉनला स्पोर्ट, ज्याने आडवं फिरवताना व्ह्यूफाइंडर अडखळत नाही. एवढ्या शटरला त्याचा फोटोवर फार परिणाम नाही पण फ्रेम डोळ्यासमोर शांत दिसते (मोड ३ मध्ये तेवढं नाही, तो फोटो निघतानाच काम करतो). फ्लडलाइटखालची मॅच असेल तर अँटी-फ्लिकर चालू, आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज म्हणजे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि एकाच बर्स्टमध्ये (सलग काढलेल्या फोटोंत) एक फोटो पिवळा एक काळपट येतो.

सराव नाही केला तर वरचं सगळं वाया. संध्याकाळी रंकाळ्यावर जा, नाहीतर रस्त्याकडेला उभे राहा आणि टू-व्हीलर पॅन करा, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घ्या. डावा पाय थोडा पुढे, मोनोपॉडचं टोक दोन्ही पायांच्या पुढे, म्हणजे तुमचे दोन पाय आणि तिसरा तो, आणि अंगाचं वजन हलकं त्याच्यावर पुढे टाकायचं. डावा हात प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर वरून ठेवून खाली दाबायचा, झूम असेल तर रिंगवर. फिरताना कमरेतून फिरायचं, नुसते हात फिरवले की फ्रेम तिरकी होते. १/१००० ला जमलं की १/१२५ आणि मग १/६० वर या, त्यात पार्श्वभूमी ओढली जाते आणि माणूस तेवढा स्थिर, आणि इथे मोनोपॉडचा फरक खरंच फोटोत दिसतो कारण वर-खाली हलणं तो मारून टाकतो. कॉलर थोडी सैल ठेवून आडव्याची उभी फ्रेम न बघता करता आली पाहिजे, हेडर आणि कीपर उभ्यातच छान बसतात.

परवानगीचं विसरू नका. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) स्पर्धा असोत नाहीतर पेठेतली, संयोजकांना आधी विचारा, कुठे बसायचं, बिब (फोटोग्राफरने अंगात घालायचं जॅकेट) लागतं का. क्रिकेटच्या मोठ्या मॅचला, वानखेडेला वगैरे, नुसतं तिकीट काढून गेलात तर कॅमेरा गेटच्या आतच जात नाही, मोनोपॉड लांबची गोष्ट. उलट प्रेसवाल्यांना मोनोपॉड चालतो आणि ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी बंदी, कारण तीन पायांत कोणीही अडकतं.

बॅगेत बाकी काय, तर ॲलन की, बुश, दोन बॅटरी, फडकं, गोणपाटाची घडी किंवा गुडघ्याचे पॅड (नव्वद मिनिटं गुडघ्यावर बसून बघा मग कळेल), एक मोठी प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. मे महिन्यात वळीव कधी येईल सांगता येत नाही. दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० असेल तर ती गळ्यात नको, खांद्यावर आडवी, कारण बॉल गोलपोस्टजवळ आला की ४०० मध्ये नुसतं नाक येतं आणि मोनोपॉड खांद्याला टेकवून दुसरा कॅमेरा उचलायला तुम्हाला एक सेकंद मिळतो. हे पण घरी दहा वेळा करून बघा.

मैदानावर पोचल्यावर एकच बघायचं, लाइन्समन एका टचलाइनला अर्ध्याच मैदानात पळत असतो, त्या बाजूला बसलात तर तो सारखा फ्रेममध्ये. दुसऱ्या अर्ध्यात बसा, नाहीतर गोललाइनच्या मागे, पोस्ट आणि कॉर्नर फ्लॅगच्या मधे. दुपारच्या मॅचला तापलेल्या मैदानावरून हवा थरथरते, पलीकडच्या गोलचे फोटो मऊच येणार, ते मोनोपॉडने सुधारत नाहीत, तुमच्या बाजूची हालचालच शूट करा आणि ऊन उतरल्यावर लांबचं घ्या. एक डोळा कायम व्ह्यूफाइंडरच्या बाहेर उघडा ठेवा. विंगर घसरत तुमच्याकडे आला तर फोटो सोडा, मोनोपॉड उचला आणि मागे व्हा. जागा बदलताना सगळं खांद्यावर टाकून चालत असाल तर आधी कॉलरचा नॉब आणि क्लॅम्प हाताने चाचपायचा आणि पट्टा लेन्सच्या कड्यांना अडकवलेला ठेवायचा, म्हणजे क्लॅम्प सुटलाच तरी लेन्स गळ्यात राहते.

हाफ टाइमला प्लेट परत एकदा आवळा, उन्हात आणि हालचालीत ती थोडी सैल होतेच.

घरी आल्यावर सेक्शन बंद करायच्या आधी पुसा, ओले असतील तर उघडेच ठेवून वाळू द्या. कुस्तीच्या आखाड्यावरून आला असाल तर तांबडी माती लॉकच्या आत जातेच, ती ब्रशने झटकल्याशिवाय बंद करू नका. आणि लेन्स भाड्याची असेल तर परत द्यायच्या आधी पायाची आपली प्लेट काढून घ्या. दुकानात तशा बेवारस प्लेटांचा डबा भरलेला असतो.