जळालेल्या लॅन कार्डाचा पत्ता नव्या कार्डाला कसा द्यायचा

वळवाच्या पावसात आमच्या गल्लीतल्या खांबावर वीज पडली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरचं लॅन कार्ड, म्हणजे नेटची वायर जोडायचं कार्ड, गेलं. नवं कार्ड बसवलं, वायरीचा दिवा लागला, पण नेट काही येईना. आमच्या केबलवाल्याने कनेक्शन जुन्या कार्डाच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे नेटवर्कवर कार्ड ज्याने ओळखलं जातं त्या पत्त्याला, बांधलेलं होतं. फोन केला तर म्हणाला, सोमवारी ऑफिसात अर्ज द्या. त्या दिवशी शनिवार होता आणि बाहेर पोरं ॲडमिशनचे फॉर्म भरायला थांबलेली.

मॅक ॲड्रेस बारा अक्षरांचा असतो: ० ते ९ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ. पहिली सहा अक्षरं कार्ड बनवणाऱ्या कंपनीची, ती आयईईई ही संस्था वाटून देते. कार्डात कोरलेला पत्ता आपण पुसत नाही. विंडोज त्याऐवजी कोणता पत्ता वापरेल, एवढंच ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगतो. म्हणून मागे फिरणं सोपं असतं.

तरीही आधी नव्या कार्डाचा मूळ पत्ता वहीत उतरवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, ऑल असं इंग्रजीत टाइप केलं की 'फिजिकल ॲड्रेस'च्या ओळीत तो दिसतो. खाली वायफायचाही असतो, त्यामुळे इथरनेटचाच, म्हणजे वायरीच्या कार्डाचाच घेतलाय ना, ते बघा.

जुना पत्ता कार्डाच्या स्टिकरवर असतो. माझं स्टिकर धुराने काळवंडलेलं होतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचलं, तरी एका जागी आठ की बी ते कळेना. दोन्ही लिहून ठेवले, आठ घालून पाहिला, नेट आलं नाही; बी घातल्यावर आलं. ओ दिसला तर तो शून्यच समजा, कारण यात ओ हे अक्षर नसतंच.

आता मुख्य काम. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क ॲडॉप्टर्समध्ये आपल्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'नेटवर्क ॲड्रेस' शोधा. काही ड्रायव्हरमध्ये तेच 'लोकली ॲडमिनिस्टर्ड ॲड्रेस' नावाने असतं. 'व्हॅल्यू' निवडून बाराही अक्षरं सलग लिहा, मध्ये डॅश किंवा कोलन नको. ओके केल्यावर नेट क्षणभर तुटतं. पुन्हा तीच कमांड देऊन खात्री करा. अजून नव्या कार्डाचा मूळ पत्ताच दिसला तर कार्ड डिसेबल करून परत एनेबल करा. मोडेम असेल तर तोही काही मिनिटं बंद ठेवा, कारण काही मोडेम आधीचं कार्डच लक्षात ठेवतात.

तो पर्यायच दिसत नसेल तर कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकून बघा. घरात राउटर असेल तर मात्र कॉम्प्युटरला हात लावूच नका. राउटरच्या सेटिंगमध्ये बहुधा 'मॅक क्लोन' असतं, तिथे जुना पत्ता भरला की झालं.

वायफायचं गणित वेगळं. तिथे दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असावं लागतं, नाहीतर विंडोज सहसा तुमचा पत्ता घेतच नाही आणि तसं सांगतही नाही. स्टेशनवर, लॉजवर आपली ओळख लपवायची एवढाच हेतू असेल, तर विंडोज १० आणि ११ मध्ये वायफाय सेटिंगमधलं 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू करा. कार्ड ते झेपणारं असलं की बटण दिसतं.

एकाच नेटवर्कवर एकाच पत्त्याची दोन यंत्रं लावू नका, दोघांचंही नेट तुटत राहतं. आणि दुसऱ्याचा पत्ता लावून त्याच्या पैशाचं नेट वापरणं ही चोरी आहे. माझ्याकडे कोणी हे करून मागितलं तर मी सरळ नाही म्हणतो.

सोमवारी केबलवाल्याकडे जाऊन वहीतला नव्या कार्डाचा पत्ता नोंदवला. दुकानात परत येऊन त्याच टॅबमध्ये 'नॉट प्रेझेंट' निवडलं आणि कार्ड स्वतःच्या पत्त्यावर चालू झालं.