कसारा घाटात गाडी तापायची, दोष निघाला रिलेचा

मुंबईहून येताना कसारा घाटात टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा. इगतपुरीनंतर गाडी पळू लागली की खाली. वाऱ्याने इंजिन गार होतंय, म्हणजे संशय रेडिएटरच्या पंख्यावर. गॅरेजवाला म्हणाला, ‘मोटर गेली, सहा हजार.’

नाशिकला घरी गाडी चालू करून एसी लावला. पंखा ढिम्म. फ्यूज शाबूत. मग उरला रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा विजेवर चालणारा स्विच. फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले पंख्याच्या रिलेच्याच नंबरचा होता. इंजिन बंद करून अदलाबदल केली आणि पंखा घरघरत सुरू! जुन्या रिलेची पिन काळी पडली होती. सॉकेट मात्र स्वच्छ, तेही बघाच. नवा रिले अडीचशेला मिळाला.

मोटर बदलायला सांगितली तर आधी रिले तपासायला लावा. आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. कूलंट दाबाखाली असतं, उसळून तोंड भाजतं.