जाणत्याबरोबर जाणकारीही निवृत्त होऊ नये म्हणून

कर्नाटकातील आपल्या मराठी सीमाभागात, खानापूर, चिकोडी किंवा निपाणीकडच्या एखाद्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होतो, तेव्हा चार्ज देण्याघेण्याचे काम अगदी काटेकोरपणे होते. कपाटांच्या किल्ल्या, रोख शिल्लक, शेअर रजिस्टर, कर्जरोख्यांच्या फाइली यांची यादी होते आणि खाली दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत एक गोष्ट मात्र कधीच नसते, ती म्हणजे त्या माणसाची जाणकारी. कोणत्या गावच्या वसुलीला कोणत्या महिन्यात जावे, कोणत्या अर्जाला तालुक्याच्या कचेरीत कोणता कागद हमखास मागतात, कोणत्या सभासदाची सही आजारपणानंतर बदलली आहे, हे सारे त्याच्याबरोबर घरी जाते. पुढचे सहा महिने नवा माणूस त्याला फोन करत राहतो आणि नंतर संकोचाने फोन करणेही सोडून देतो. मी हे एकाहून अधिक संस्थांमध्ये पाहिले आहे. हे नुकसान ताळेबंदात कुठेच दिसत नसल्यामुळे संचालक मंडळाला त्याची जाणीव होत नाही.

हे टाळायचे असेल, तर आधी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. काही ज्ञान कागदावर उतरते आणि काही ज्ञान हातात व नजरेत असते. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९०च्या दशकात या फरकावर आपली सारी मांडणी उभी केली. त्यांचे गाजलेले उदाहरण घरगुती पाव बनवणाऱ्या यंत्राचे आहे. १९८५ मध्ये ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीचे यंत्र काही केल्या चांगला पाव करीना, तेव्हा तेथील एका महिला अभियंत्याने नामांकित हॉटेलातील पाववाल्याच्या हाताखाली राहून कणीक मळण्याचे काम शिकून घेतले. पाववाला कणीक ताणताना तिला एक विशिष्ट पीळ देतो, हे तिच्या लक्षात आले. त्या पाववाल्याला कार्यालयात बोलावून विचारले असते, तर हे त्याने सांगितले नसते, कारण आपण असे काही करतो याची त्याला स्वतःलाच जाणीव नव्हती.

आपल्याकडे याचे दाखले शोधायला लांब जावे लागत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीत जुना मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारा कारागीर, मूठभर वाळू उचलतो, ती घट्ट आवळतो, मूठ उघडून तयार झालेली वळकटी मधोमध मोडतो आणि मोडलेल्या कडा पाहून पाणी कमी आहे की जास्त ते सांगतो. वाळूत ओलावा वाढला की ओतकामात वायूची भोके पडतात आणि कमी झाला की साच्याच्या कडा ढासळतात. ‘वाळू योग्य ओलसर ठेवावी’ असे वहीत लिहून नव्या पोराला काही कळणार नाही. त्याऐवजी महिनाभर रोज सकाळी तो मोल्डर मुठीने अंदाज सांगेल, लगेच ओलावा मोजण्याच्या उपकरणावर आकडा घेतला जाईल आणि त्याच वाळूतून निघालेल्या मालातले किती नग रिजेक्ट झाले तेही त्या दिवसापुढे लिहिले जाईल, अशी व्यवस्था करावी. मूठ, आकडा आणि निकाल शेजारी शेजारी आले की शिकणाऱ्याची मूठ तयार होऊ लागते. मोबाइलवर त्या मुठीचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवले, तर फारच उत्तम.

कार्यालयातील कामासाठी रीत थोडी वेगळी असावी. जाणत्या माणसाला ‘तुम्हाला येते ते सगळे लिहून द्या’ असे सांगू नये, कारण जे त्याला सवयीने जमते ते त्याला लिहिण्यासारखे वाटतच नाही. लेखणी नवख्याच्या हातात द्यावी. नवख्याने शेजारी बसून एक काम पूर्ण होताना पाहावे, ते स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि जाणत्याने त्यावर लाल शाईने दुरुस्ती करावी. एका कामाला एकच पान असावे. काम कोणते, ते केव्हा करायचे, कागद कोणते लागतात, क्रम कसा, ते कुठे अडते आणि अडल्यास कोणाला विचारायचे, एवढे त्यात आले की पुरे. पानावर लिहिणाऱ्याचे नाव व तारीख हवी, म्हणजे नियम बदलल्यावर पान जुने झाल्याचे कळते.

यांपैकी ‘कुठे अडते’ ही ओळ सर्वांत मोलाची आहे, कारण ती कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. पीककर्जाच्या प्रकरणात उताऱ्यावर कन्नडमध्ये उतरलेले नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तर प्रकरण तिथेच थांबते. हे ज्याने दहा वेळा भोगले आहे, तो अर्ज घेतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो, तर ज्याला हे ठाऊक नाही, तो सभासदाला तीन हेलपाटे घालायला लावतो.

मोठे काम पार पडले की आठवड्याच्या आत त्याचा आढावा घ्यावा. अमेरिकी सैन्याने १९७०च्या दशकापासून सरावानंतर घ्यायचे चार प्रश्न रूढ केले, ते आपल्याही कामाचे आहेत. काय व्हायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला आणि पुढच्या वेळी काय करायचे, एवढेच ते प्रश्न आहेत. कडोली, उचगाव किंवा येळ्ळूरच्या साहित्य संमेलनासारखे काम डोळ्यांसमोर आणावे. ग्रंथदिंडीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाचा परवाना, पाहुण्यांची ने-आण, जेवणाचा अंदाज हे प्रश्न दरवर्षी येतात आणि कार्यकर्त्यांची नवी फळी ते पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसते. आढाव्याच्या बैठकीत सर्वांत धाकट्या कार्यकर्त्याला आधी बोलू द्यावे. अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे त्यांच्या बोलण्याला मान डोलावतात आणि मंडपाच्या मागच्या बाजूला नेमके काय घडले ते कळतच नाही. चूक कोणाची, हा प्रश्न त्या बैठकीत घेऊ नये, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी खरे सांगणार नाही.

आता संस्थांनी एकमेकींकडून शिकण्याविषयी. आपल्याकडे अभ्यासदौरे होतात, परंतु हार, नारळ, भाषणे आणि जेवण यांतच दिवस सरतो. त्याऐवजी काम सुरू करण्यापूर्वी, ते आधी केलेल्या संस्थेतील माणसांना आपल्याकडे बोलवावे आणि त्यांच्यापुढे आपली खरी अडचण मांडावी. बीपी या तेलकंपनीने १९९०च्या दशकात ही पद्धत पद्धतशीरपणे वापरली. तिचे मर्म हे की पाहुणे आपले कौतुक सांगण्यासाठी नव्हे, तर यजमानांचा प्रश्न सोडवण्यासाठी येतात. आठ दिवस आधी प्रश्न लेखी पाठवावेत आणि ते तीनच असावेत. पाहुण्या संस्थेच्या चेअरमनसोबत, प्रत्यक्ष काम हाताळणारा क्लार्क किंवा कॅशियरही यायलाच हवा, कारण उत्तरे बहुधा त्याच्यापाशी असतात. शेवटचा तासभर यजमानांनी काही न बोलता ऐकावे आणि महिन्याभरात, सांगितलेल्यांपैकी काय केले व काय जमले नाही, ते पाहुण्यांना लिहून कळवावे. हे पत्र पाठवण्याची शिस्त पाळणारी संस्था पुढच्या खेपेला मोकळ्या मनाने मदत मिळवते.

सीमाभागात या देवाणघेवाणीत एक खास काळजी घ्यावी लागते. निपाणी आणि कागल यांच्यामध्ये फार अंतर नाही, परंतु निपाणीच्या सोसायटीला १९५९चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा किंवा कर्नाटकाचाच १९९७चा सौहार्द सहकारी कायदा लागू असतो, कागलच्या संस्थेला १९६०चा महाराष्ट्राचा कायदा आणि दोन्हीकडे सभासद असलेल्या बहुराज्य संस्थेला २००२चा केंद्रीय कायदा. म्हणून कागलकडून कर्जवसुलीची रीत, हिशेबाची मांडणी, सभासदांशी बोलण्याची पद्धत जरूर घ्यावी, मात्र वार्षिक सभेची मुदत, निवडणूक आणि नोटिशीचे नमुने जसेच्या तसे उचलू नयेत. घेतलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘हे आपल्या कायद्यात बसते का’ असा रकाना ठेवावा.

शब्दांचेही तसेच आहे. महाराष्ट्रातला सातबारा तो आपल्याकडचा उतारा, कचेरीत त्यालाच पहाणी किंवा आरटीसी म्हणतात. तिकडचा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) तो इकडे पूर्वीचा ग्राम लेखाधिकारी, आता ग्राम आडळित अधिकारी. पलीकडे जिला विकास सेवा संस्था म्हणतात, तिला आपण कृषी पत्तीन म्हणतो. अशा शब्दांचा दोन पानी तक्ता करून, कन्नड शब्द देवनागरीत लिहून, प्रत्येक टेबलावर ठेवावा. आपल्या कार्यालयात कन्नड भाषक सहकारी असेल, तर हा तक्ता त्याच्या मदतीनेच करावा. शेजारच्या टेबलावरचा माणूस ज्या कामात जाणता आहे, ते काम भाषेच्या संकोचापायी त्याला न विचारणे हे आपल्याच संस्थेचे नुकसान आहे, असे माझे ठाम मत आहे.

कोणती माहिती बाहेर सांगायची नाही, हेही आधी ठरावाने निश्चित करावे. सभासदाचे खाते व थकबाकी, गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेले ड्रॉइंग, दराची बोलणी या गोष्टी बाहेर जाता कामा नयेत. ही रेघ स्पष्ट असली, की बाकीचे सांगताना कर्मचारी बिचकत नाहीत.

साठवणीसाठी एक जाड वही आणि संगणकावर एक फोल्डर पुरेसे आहे. व्हॉट्सॲपचा ग्रुप विचारण्यासाठी चांगला असतो, पण जपून ठेवण्यासाठी त्यावर विसंबू नये. तिथे मिळालेले उपयोगी उत्तर त्याच दिवशी वहीत उतरवावे आणि हे काम कोणाचे, ते नावानिशी ठरवून त्यासाठी त्याला आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेतच द्यावा.

पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची नावे आजच काढावीत. त्यांच्यापैकी सर्वांत आधी जाणाऱ्याच्या टेबलाशेजारी सोमवारपासून आणखी एक खुर्ची ठेवावी, तिच्यावर नव्या माणसाला बसवावे आणि पहिले पान त्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळा करावे लागलेल्या कामाचे लिहावे.